उखाशेठने परत पाठवलेला डबा

जमनाबाई जळून गेली, हे मला कळले तेव्हा दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. तिचा नवरा भिकन प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. हातात एक बाटली होती. तो आत यायला तयार नव्हता. पितांबर मास्तरांनी त्याला हाताला धरून आत आणले.

"मास्तर, मन्ही जमना गयी," तो म्हणाला. "शेठ सांगस, बाईनी चूक शे. येम्हा काय शे ते माले सांगा."

त्याने बाटली माझ्याशेजारी ठेवली.

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. माझी काच परदेशात फुंकली गेली. आगबोटीने मी मुंबईला आलो आणि तिथून गवतात गुंडाळून आगगाडीने नंदुरबारला. इथल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत माझे आयुष्य गेले. माझ्या अंगावर तीनशे अंशांपर्यंत रेघा आहेत. माझे काम एकच. चंबूत पदार्थ उकळायला ठेवतात आणि त्याच्या वाफेत मला टांगतात. शुद्ध पदार्थ उकळू लागला की माझा पारा एका रेघेवर उभा राहतो. मग विस्तव कितीही वाढवा, तो तिथून हलत नाही. पदार्थात भेसळ असली की तो हलत राहतो. मला खोटे बोलता येत नाही. हा माझा चांगुलपणा नाही, मी बनलोच तसा आहे.

जमनाबाई आणि भिकन यांची रोशाच्या तेलाची भट्टी होती. तळोद्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठावर. पावसाळा सरला की रोशा गवत फुलावर येते. ते कापून मोठ्या भांड्यात पाण्याबरोबर उकळायचे, वाफ बांबूच्या नळीतून न्यायची आणि नाल्याच्या पाण्यात ठेवलेल्या घड्यात थंड करायची. वर तरंगते ते तेल. ते अत्तरवाल्यांना जाते. तेलात थोडे पाणी राहते, म्हणून ते कढईत घालून निखाऱ्यावर कोमट करतात. पाणी उडून जाते, तेल राहते. सगळ्या भट्ट्यांवर असेच करतात. ते काम जमनाबाईचे होते.

दर हंगामाचे पहिले तेल ती मास्तरांकडे तपासायला आणायची. चांगले रोशाचे तेल दोनशे वीसच्या वर उकळते; पारा तिथे चढेपर्यंत ती पापणी हलवायची नाही. मास्तर म्हणायचे, "बाई, तुमचं तेल म्हणजे तेल." ती लगेच नवऱ्याकडे वळायची.

"देखं का? हाई काच तुन्हापेक्षा बरी शे. तापनी का लगेच दखाडस. तू चार दिन तोंड फुगाडी बसस."

"ती काच जेवाले नही मांगत," भिकन म्हणायचा. "मन्ही बरोबरी कसाले करस?"

माझे कौतुक पुष्कळांनी केले. पण हसत हसत तिने एकटीनेच केले.

त्यांचे तेल उखाशेठ विकत घ्यायचा. त्याच्या दोन मोटारी तळोद्याच्या रस्त्यावर धावत, म्हणून त्याच्या घरी पेट्रोलचे डबे असत. त्या वर्षी मुंबईच्या गिऱ्हाइकाने त्याचे तेल गढूळ आहे म्हणून नाकारले. शेठने एक डबा गाडीवान सुरुपसिंगबरोबर भट्टीवर परत पाठवला. निरोप होता, तुमच्या तेलात पाणी आहे, उडवून द्या. जमनाबाईने नेहमीसारखी कढई निखाऱ्यावर ठेवली आणि तेल ओतले. रोशाचे तेल असे पेट घेत नाही, हे तिला जन्मभराच्या कामाने ठाऊक होते. त्या तेलाने घेतला. भिकन गवताचा भारा टाकून धावला, तोवर उशीर झाला होता.

संध्याकाळी शेठची माणसे डबा घेऊन गेली. त्याआधी भिकनने त्यातले एक बाटलीभर तेल काढून ठेवले होते.

मास्तरांनी त्या दिवशी दिवा पेटवलाच नाही. बाहेर पाणी तापवून आणले, त्यात चंबू ठेवला आणि मला आत टांगले. रोशाचे तेल गरम पाण्यावर उकळत नाही. मी थंडच राहायला हवे होते. पण माझा पारा सत्तरवर गेला, तिथून ऐंशीवर, आणि नळीतून थेंब पडू लागले. मास्तरांनी वास घेतला. भिकननेही घेतला.

"हाई तं मोटारना वास शे," भिकन म्हणाला.

सुरुपसिंग त्याच्यासोबत आला होता आणि दाराबाहेर बसून होता. तो तिथूनच बोलला, "शेठनी माले सांगेल व्हतं, डबाजवळ बिडी पेटाडू नको."

"आनि माले? जमनाले?"

सुरुपसिंगने मान खाली घातली. "तुमले सांगाले नही सांगं."

मित्रांनो, म्हणजे तेल वाढवायला त्यात पेट्रोल मिसळले आहे, हे शेठला ठाऊक होते. त्याने आपली गाडी आणि बैल वाचवले. बाईला मात्र काही सांगितले नाही. तेव्हापासून माझ्या मनात दुसरा विचार नाही.

भिकनने फिर्याद दिली आणि चौकशीला सरकारी साहेब आले. शाळेत पंच बसले. साहेब म्हणाले, फिर्यादीने आणलेली बाटली चालणार नाही, शेठकडचा डबा आणा. उखाशेठने डबा आणला. तोच आकार, तोच पत्रा. आत मात्र चांगले तेल होते. मी दोनशे वीसच्या वर चढलो. मला दुसरे काही करता येत नव्हते. खरे सांगूनच मी त्या दिवशी शेठला सोडवले.

मास्तर ओरडले, "हा तो डबा नव्हे! मागच्या वेळी याच थर्मामीटरने सत्तर दाखवले होते."

मी निवल्यावर शेठने मला चिमटीत उचलले. त्याची बोटे दुसऱ्या कोणाच्याही बोटांइतकीच गरम होती. मला त्याचाही राग आला.

"मंग हाई नळी कधी सत्तर सांगस, कधी दोनशे," तो म्हणाला. "मास्तर, तुम्ही पोरं शिकाडा. तेल आम्हले ऱ्हाऊ द्या."

पंच हसले. साहेबांनी सुरुपसिंगला विचारले, विडीचे काय? त्याने शेठकडे पाहिले आणि म्हणाला, माले याद नही. मग ठरले, थर्मामीटर नादुरुस्त आहे आणि चूक बाईची आहे.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला उकळत्या पाण्याच्या वाफेत धरले. पारा शंभरच्या रेघेला टेकला. मी दुरुस्त होतो. पण साहेब निघून गेले होते. हेडमास्तरांनी मला पेटीत ठेवायला सांगितले. मास्तरांनी उरलेल्या तेलाच्या बाटलीचे बूच लाखेने बंद केले आणि ती माझ्याजवळ ठेवली. पुढे ते निवृत्त होऊन प्रकाशा या आपल्या गावी गेले.

भिकनने पुन्हा भट्टी लावली नाही. तो कधीमधी येतो, बाटली उजेडात धरून पाहतो. मागच्या खेपेला म्हणाला, "सुरुपसिंगनी शेठनी गाडी सोडी दिधी. तो आते साहेबपुढे खरं बोली." शेठ अजून तेल विकतो. यंदा त्याने तिसरी मोटार घेतली.

लोक म्हणतात, राग विसरावा. मी विसरणार नाही. मला उखाशेठ त्याच खोलीत, त्याच बाकावर बसलेला हवा आहे. माझा पारा सत्तरवर जाताना त्याने पाहिले पाहिजे, आणि पंचांनी त्याच्याकडे पाहिले पाहिजे. याहून कमी मला चालणार नाही.

म्हणून मुलांनो, पेटी उघडाल तेव्हा मला जपून उचला. गरम असताना थंड पाण्यात बुडवू नका, मी तडकेन. मला टेबलाच्या कडेला ठेवू नका. मी म्हातारा झालो म्हणून हे मागत नाही. मला अजून एकदा वापरायचे आहे.

बाटली लाखबंद आहे. साहेबांसमोर ती अजून कोणी उकळलेली नाही.