तिसरा स्टँड

निवृत्त इंजिनियरसाहेबांनी दुर्बीण एका दिवसात घेतली. तिच्या स्टँडने मात्र तीन महिने खाल्ले. नळीला हलकी टिचकी मारायची आणि भिंगातलं चित्र थरथरायचं थांबेपर्यंत आकडे मोजायचे, ही त्यांची परीक्षा. पहिला स्टँड नऊ आकडे डुलला, दुसरा सहा. दोन्ही परत गेले, सोबत दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी चिठ्ठी.

तिसरा, बिडाचा, घेऊन दुकानदार भरदुपारी स्वतःच गच्चीवर हजर झाला.

"यावर हत्ती बसवा साहेब. हलला तर नाव बदलीन."

"हत्तीला आकाश बघायचं नाहीये," म्हणत साहेबांनी दूरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला. टिचकी. एक... चित्र थांबलं. दुकानदाराचा जीव भांड्यात पडला.

एवढ्यात पलीकडून साहेबांची बायको धुण्याची बादली घेऊन आली आणि भिंगात अख्खी टाकी नाचायला लागली.

"हा तुमचा हत्ती!" साहेब गरजले.

"कोण, मी?" बायको जागीच थांबली. टाकीही थांबली.

साहेबांनी भिंगावरचा डोळा काढला नाही. "परत चाल."

"चाळीस वर्षांत माझ्याकडे धड बघितलं नाहीत, आता दुर्बीण लावून बघताय?" पण ती चालली. पाऊल, थरथर. पाऊल, थरथर. ती पंधरा हात लांब होती.

दुकानदार चाचरत म्हणाला, "राग मानू नका, पण स्टँड खाली अंगणात लावून बघू?"

खाली फरशीवर साहेबांनी बायकोला भिंगाशी उभं केलं आणि शेजारी स्वतः उड्या मारल्या, वयाला अजिबात न शोभणाऱ्या. वॉचमन बघतच राहिला.

"इकडची तिकडे होत नाही हो टाकी," बायको म्हणाली. "भिंतीला डकवल्यासारखी."

दुकानदार जिंकला होता, पण त्याचं तोंड उतरलं. त्याने वर पाहिलं. "म्हणजे गच्चीच... ही बिल्डिंग पास कुणी केली?"

"यांनीच की!" बायको कौतुकाने म्हणाली. "निवृत्तीआधीची शेवटची सही."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ती सही त्यांनी इथेच केली होती, खुर्ची टाकून. लिफ्ट तेव्हा बसली नव्हती, गुडघा दुखत होता आणि कंत्राटदाराचं सरबत गार होतं. ‘स्लॅब सहा इंच, समक्ष पाहिला.’ पाहिला होताच. खालून, मान वर करून.

ते एकटेच वर गेले. गच्चीच्या कडेला जुन्या पाइपचं भोक होतं. त्यात वाकवलेली तार सोडली, खालच्या कडेला अडकवली, मोजली. साडेतीन. पुन्हा मोजली. साडेतीनच. तीन महिने दुसऱ्याच्या लोखंडाला नावं ठेवणारा माणूस मटकन खाली बसला आणि दचकून उठला. आपलंही वजन होतंच की.

याच स्लॅबखाली आईची खाट होती.

"आई, ऊठ. खाली चल. आत्ता."

दुपारची झोप मोडलेल्या आईने मुलाचा पांढराफटक चेहरा पाहिला. "कोण गेलं रे?"

"अजून कुणी नाही," चवड्यांवर चालत तिच्या चपला शोधताना ते म्हणाले. "उतरताना प्रत्येक दाराची बेल वाजवायचीय. आणि सही कुणाची, ते मलाच सांगायचंय."