आत सोडलेला कपडा

शिवणकाम मी कोणाकडून शिकले असं कोणी विचारलं की मी सांगते, अर्ध्या ब्लेडकडून. लोकांना वाटतं मी मस्करी करते. पण खरंच, मी शिवायला शिकले ती उसवून उसवून. आणि पहिला उसवला तो माझ्याच लग्नाचा ब्लाऊज.

१९९९ साल. लग्नाला तीन महिने झाले होते. माहेरून आईने भंडाऱ्याकडचा कोसा दिला होता, मधाच्या रंगाची रेशमी साडी आणि तिच्यावर लाखेसारखा लाल ब्लाऊज. ब्लाऊज शिवला होता सासरच्या गावच्या, आमगावच्या केशोराव टेलरने. तो अंगावर असा बसायचा की मला वाटायचं, या माणसाने मोजमाप टेपने नाही, डोळ्यांनी घेतलं असणार. बगलेत ओढत नव्हता, गळा सरकत नव्हता. हे कसं केलं, हे काही केल्या डोक्यातून जाईना. एका दुपारी सगळे धानाच्या बांधीत कामाला गेले होते. मी नवऱ्याच्या दाढीचं ब्लेड मधोमध मोडलं आणि ब्लाऊज उसवला. बाही वेगळी, पाठ वेगळी, गळ्याची पट्टी वेगळी. खाटेवर मांडून पाहिलं तर सगळं समजलं. परत जोडायला गेले तर काहीच समजलेलं नव्हतं.

सासूबाई यायच्या आत ते तुकडे पेपरात बांधून केशोरावकडे पोचले. रडतच. म्हाताऱ्याने चष्म्यावरून एकदा मला पाहिलं, एकदा पुडक्याला.

"उसवणं तं मस्त आलं तुले," तो म्हणाला. "एकबी जागी कपडा नाई कापला. आता शिव."

"मी?"

"मंग का मी? मी एकदा शिवला ना."

त्याच्या मशीनवर बसवून त्याने माझ्याकडून तो तीनदा शिवून घेतला. दोनदा गळा तोंडासारखा वासला. तिसऱ्यांदा बसला. आतमध्ये दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं कपडा दुमडलेला होता, तो मला जाड लागायचा. मी कात्री उचलली तशी त्याने माझ्या हातातून काढून घेतली. "हा राहू दे. मानसाचं अंग का एका जागी थांबते?"

केशोराव जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्यानंतर आमगावच्या अर्ध्या पोरीबाळींचे ब्लाऊज माझ्याकडून शिवून जाऊ लागले. आणि २०१८ च्या जानेवारीत माझ्या स्वतःच्या पोरीचा ब्लाऊज पार्सलने आला.

हर्षाचा बारावीचा निरोप समारंभ होता. पाच मैत्रिणींनी ठरवून मोबाइलवरून एकसारख्या साड्या मागवल्या होत्या, मोरपंखी, चमचमत्या, सोबत शिवलेला ब्लाऊज. मी एकदाच म्हटलं होतं, "ब्लाऊज तरी मी शिवते."

"आई, तुझा शिवलेला वेगळा दिसंल ना! सेम टू सेम पायजे."

शिवणारीच्या घरी असा अपमान होतो तेव्हा मशीनचा आवाज जरा वाढतो, एवढंच.

पार्सल आलं. ब्लाऊज तिला छातीत दोन बोटं कमी. ती तोंड पाडून ट्यूशनला गेली. ब्लाऊज खाटेवर पडलेला. आता मला सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? हात लावायला नको होता. मी फक्त आत किती कपडा सोडलाय ते पाहायला तो उलटा केला. बगलेपाशी एक धागा लोंबत होता. तो ओढला. आणि सर्रकन सगळी बाजू बगलेपासून कमरेपर्यंत उघडी! साखळीचा टाका होता, चुकीच्या टोकाने ओढलं की वाळू सांडावी तसा जातो. आत कपडा किती? करंगळीच्या नखाएवढा.

हर्षा परत आली आणि दारातच थांबली.

"हे तू कायले उसवलं?"

"ढिला करून देत होती."

"मी रिटर्न टाकला होता व आई! उद्या पार्सलवाले हा नेऊन मोठा देणार होते. आता कोन घेईन हा?" तिचा आवाज फाटला. "परवा प्रोग्राम आहे. त्या चौघी सेम घालतीन अन् मी एकटी... तुझ्या हाताले खाजच आहे!"

खरं होतं. खाज होती. आणि थोडी खुन्नसही होती, ती मी तिला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्या ब्लाऊजला लागले. शिलाई मारली की कपडा शिलाईच्या बाजूने विरायचा. जोड लावला तर आमगावच्या बाजारात तसा रंग नाही. दुपारी मी मशीनवरून उठले. "हर्षा, मला नाही जमत," असं मी पोरीसमोर पहिल्यांदाच म्हटलं. तिने तो ब्लाऊज उचलून पार्सलच्या पिशवीत कोंबला. याच्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मग मी पेटीतून माझा लग्नातला कोसा काढला, साडी आणि तो लाल ब्लाऊज. दरवर्षी उन्हात घालते मी त्याला, घडी बदलते. तिने दुरूनच पाहिलं.

"हा तं आजीबाईचा रंग आहे."

"नको घालू. पाहून तरी घे."

तिने हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग मला पाठ करून ब्लाऊज घालून पाहिला. बाह्या आल्या, हूक काही लागेना. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कमी. मी मनात म्हटलं, झालं, आता हाही गेला. तेवढ्यात तिनेच तो काढला, उलटा केला आणि शिवण चिमटीत धरली.

"आई, याच्यात तं लय कपडा आहे."

"तीन बोटं."

"ब्लेड दे."

"आण, मी उसवते."

"नको. तू दूरच राय," ती म्हणाली, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू दिसलं.

खिडकीपाशी बसून तिने एकेक टाका तोडला. बोट ब्लेडला कुठे लावायचं हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. माझ्या मशीनखाली रांगत मोठी झाली, तिथेच पाहिलं असेल. शिवण उघडली आणि ती थांबली. बाहेरचा लाल एकोणीस वर्षांत विटकरी झाला होता. आतला मात्र जसाच्या तसा, ओल्या लाखेसारखा.

"आन् हे दोन रांगा भोकं कायचे?"

मग तिला केशोरावची गोष्ट सांगावी लागली. ब्लेड, पेपरातलं पुडकं, दोनदा वासलेला गळा. ती इतकी हसली की टाका चुकली.

"म्हणजे तू आपला स्वतःचाच बी फाडला होता!"

"उसवला होता. फाडणं वेगळं."

शिलाई मी मारली, हूक तिने लावले. आता ब्लाऊजच्या दोन्ही बाजूंनी गडद लाल पट्टा दिसत होता, शेजारी जुन्या टाक्यांची बारीक भोकं. मी लेसचा डबा काढला. "थांब, झाकून टाकते."

"राहू दे."

"लोक विचारतील."

"विचारू दे ना!"

निरोप समारंभाच्या दिवशी ती तशीच गेली. चार मोरपंखी पोरी तिला न्यायला आमच्या फाटकापाशी उभ्या होत्या, आणि ही मधाच्या रंगाची पाचवी. मी कामाला बसले खरी, पण त्या दिवशी शिवलेली एक बाही नंतर उसवावी लागली.

संध्याकाळी ती आली, सॅन्डल हातात.

"कोणी काही म्हटलं?"

"म्हटलं ना. त्या चौघींतली रुची म्हणे, हे पट्टे काऊन आहेत?"

"मग? तू काय सांगतलं?"

"म्हटलं, हा कपडा एकोणीस वर्षं घरातच होता. आजच बाहेर निघाला."

तिने ब्लाऊज काढून माझ्या हाती दिला. मी आत पाहिलं. दोन बोटं वापरली गेली होती, एक बोट अजून शिल्लक होतं. कडेचे दोनचार धागे सुटले होते, ते नीट करायला मी कात्री घेतली.

"कपडा नको कापू हं," आतल्या खोलीतून तिचा आवाज आला. "धागेच काप."