दारात विनाशिका

चष्मेवाल्याचा एक नियम होता: युद्धनौकेच्या वाटेला जायचं नाही. मालवाहू जहाज दिसलं की टॉर्पेडो सोडायचा, आणि विनाशिका दिसली की पाणबुडी तळाला नेऊन मुडद्यासारखं पडून राहायचं. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवणारा हा साधा माणूस सुट्टीच्या दिवशी मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसला, की एकदम कप्तान व्हायचा. पण कप्तान कसला, एक नंबरचा भित्रा! इतकी वर्षं खेळून त्याने एकाही युद्धनौकेवर साधा ओरखडा उठवला नव्हता.

त्याला तरी किती दोष द्यायचा? खेळच मेला तसा होता. एकदा बुडालात की पदकं, बढत्या, सगळं पुसलं जायचं. वर कहर म्हणजे खेळाला कान होते. माईकमधून खोलीतला आवाज थेट समुद्रात जायचा. इथे तुम्ही शिंकलात की तिथे डोक्यावर फिरणाऱ्या विनाशिकेला तुमचा पत्ता लागलाच.

या बोटीवर कान देऊन ऐकायचं काम सासूकडे होतं. शेजारच्यांचं भांडण भिंतीआडून शब्दन् शब्द ऐकणारी ही बाई, लेकीकडे राहायला आल्यापासून रिकामीच होती. जावयाने कानाला हेडफोन लावून दिले आणि ती खुलली. जहाज कोणतं, किती लांब, भरलेलं की रिकामं, सगळं ती त्याच्या पंख्याच्या आवाजावरून सांगायची. तिचं दुखणं एकच. जावई लढत नाही.

"अहो जावईबापू, एकदा तरी हाणा की! नुसतं काय लपून बसायचं?"

"आई, हळू बोला."

"आणि तो छतावरचा पंखा बंद करा आधी. केवढा खडखडतोय!"

"उकडतं हो. आणि असला एकसुरी आवाज खेळाला ऐकूच जात नाही. मी सेटिंग करून ठेवलंय."

पण चष्मेवाल्याची खरी विनाशिका समुद्रात नव्हतीच. ती म्हणजे त्याची थोरली बहीण, ताई. त्याचं लग्न झाल्यापासून ती अधूनमधून एकेक वस्तू घेऊन यायची. आधी शिलाई मशीन, मग आरशाचं टेबल, मग तो पोपटी सोफा, ज्याने अर्धी बाहेरची खोली गिळली. दर वेळी ती विचारायची, "ठेवू ना रे?" आणि आपले शूर कप्तान म्हणायचे, "ठेव ना ताई, त्यात काय विचारायचं!" मग बायकोपुढे कुरकुर, की तिने आपल्या घराचं गोदाम केलंय.

बायको नर्स होती. ती ओरडली तर काळजी नसे, शांतपणे बोलली की धडकी भरायची. एक दिवस ती अगदी शांतपणे म्हणाली, "ताईंची आणखी एक जरी वस्तू आत आली, तर मी बाहेर. हॉस्पिटलात खाटा पुष्कळ आहेत." पलंगाखाली भरून ठेवलेली बॅग चष्मेवाल्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

तेव्हापासून त्याने ताईच्या बाबतीतही तळाला जायचं धोरण धरलं. तिचा फोन एकदाच वाजून बंद व्हायचा. "चाचपून बघतेय," म्हणत तो फोन उशीखाली सरकवायचा. दोनदा तर ती दारापर्यंत आली. सासूने जिन्यातल्या पावलांवरून ओळखलं आणि दोघं श्वास रोखून मागच्या खोलीत बसले. बेल वाजली, थांबली, पावलं उतरून गेली. "टळली!" म्हणत त्याने सासूला टाळी दिली.

त्या दिवशी बायको ड्यूटीवर होती आणि बोट उथळ पाण्यात अडकली होती. वर विनाशिका घिरट्या घालत होती. खाली जायला जागा नाही, बॅटरी संपत आलेली, हवा जेमतेम.

"वर चला," सासू कुजबुजली. "टॉर्पेडो शिल्लक आहेत तोवर लढा. दम संपल्यावर वर येऊन काय करणार?"

त्याला पटत होतं, पण हात चालत नव्हता. तेवढ्यात सासूने तर्जनी वर केली.

"आणखी एक येतंय."

"कुठून?"

"जिन्यातून. ताई आहेत. बरोबर दोन हमाल."

हमाल! म्हणजे कपाट. मागे ती कसल्याशा मोठ्या कपाटाबद्दल बोलत होती. कपाट आत, बायको बाहेर. झालं, संपला संसार!

"पण पावलं हलकी आहेत हो," सासू म्हणाली. "ओझं असलं की पाऊल कसं..."

ऐकतंय कोण! बेल वाजली. घराला मागचं दार नव्हतं, म्हणजे पाणी इथेही उथळच. तो ताडकन उठला.

"आज हाणतोच, आई."

"हाणा!" म्हणत सासू लगेच त्याच्या खुर्चीत बसली.

दार उघडलं आणि ताईने तोंड उघडायच्या आत त्याने टॉर्पेडो सोडला. "नाही! नाही म्हणजे नाही! आज तू माझं ऐकायचंस. या घरात एक वस्तू इकडची तिकडे होणार नाही!"

"अरे, पण..."

"पण नाही नि बिण नाही!"

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. "बरं बाबा," ती म्हणाली, आणि हमालांकडे वळली. "चला हो. जीव जडलाय त्याचा. उगाच आले मी सोफा परत मागायला."

सोफा परत! चष्मेवाला दारातच थिजला. ती जिना उतरत होती. आता गप्प बसलं की प्रकरण मिटलं, आणि गप्प बसण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण पलंगाखालची बॅग डोळ्यांपुढे आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो विनाशिकेच्या मागे धावला, अनवाणी, बोंबलत.

"ताई, थांब! ने! सोफा ने, मशीन ने, सगळं ने! मला कधीच नको होतं गं!"

मागच्या खोलीतून धडाम असा आवाज आला. कोण बुडालं ते बघायला त्याला सवड नव्हती.

सोफा निघाला आणि जिन्याच्या वळणावर अडकला. हमाल दोर आणायला खाली गेले. बहीणभाऊ त्या तिरप्या सोफ्यावरच टेकले.

"कधीच नको होतं?" ताईने विचारलं.

"कधीच."

"मग 'ठेव ना, ठेव ना' काय करत होतास मेल्या? मला वाटायचं, नवा संसार, घर रिकामं, हा काही मागायचा नाही. म्हणून स्वतःच्या घरातलं उचलून आणत होते. तेव्हापासून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतेय मी! आता गुडघे उठू देईनात, म्हणून लाज सोडून मागायला आले. तुला फोन लावायचे आणि एका रिंगमध्ये ठेवून द्यायचे."

चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोदाम म्हणे!

"दोनदा येऊनही गेले," ताई म्हणाली. "बेल वाजवली."

आता मात्र पाणी खोल होतं. 'घरी नव्हतो' एवढं म्हटलं की सुटला असता.

"घरातच होतो, ताई. लपून बसलो होतो."

इतक्यात वरून सासू ओरडली, "जावईबापू, तुम्ही बोंब मारलीत, ती वळली, पुढ्यात आडवी आली आणि मी हाणली! बुडवली हो युद्धनौका!"

दोघांनीही मान वळवली नाही. ताईने डोळे पुसले आणि त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"माहितेय मला," ती म्हणाली. "तुझा पंखा वाजत होता."