घंटा घेऊन बुडालेली होडी

मी होडी बोलतेय. बुडालेली आहे, पण बोबडी वळलेली नाही. साठ वर्षं पाण्याखाली गप बसले, तेवढं पुरे झालं. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं, बाकीच्यांनी आपल्या वाटेला लागावं.

कोपरगावच्या खाली गोदावरी एक मोठं वळण घेते. त्या वळणावर आमचा डोह. काठावरच्या बाभळीखाली माझा जन्म झाला. फासळ्या बाभळीच्या, फळ्या सागाच्या, फटींत ठोकून बसवलेला काथ्या आणि वरून डांबर. माझा मालक सहादेव नावाडी सुताराला सांगत होता, "बाबा, लई नाजूक करू नको. हिच्यात नवरीबी बसंल आन् म्हसरूबी."

म्हैस पहिल्याच महिन्यात बसली. शहाणी होती. मधोमध उभी राहिली आणि रवंथ करत पलीकडे गेली. माणसांना एवढी अक्कल नव्हती. काठावर मिशा पिळणारे गडी मधल्या धारेत आले, की दोन्ही हातांनी माझी कड धरायचे. सासरी निघालेल्या पोरी अर्ध्या नदीपर्यंत रडायच्या आणि पलीकडचा काठ दिसला, की डोळे पुसून पदर नीट करायच्या. मी सगळ्यांना पार केलं. कुणाला बुडवलं नाही.

चैत्री पौर्णिमेला गावची जत्रा. त्या दिवशी नदीला पहिला नारळ द्यायचा मान सहादेवच्या घराचा. मधल्या धारेत मला थांबवून तो नारळ सोडायचा. तोवर गावात प्रसादाला कुणी हात लावायचा नाही, पाटलानंसुद्धा.

मग ती घंटा आली. महादेवाच्या देवळासाठी ओतलेली, दोन माणसांना उचलायची नाही एवढी जड. पलीकडच्या काठावर येऊन पडली होती आणि श्रावणातली नदी फुगलेली. सहादेव म्हणाला, दोन दिवस थांबू. पाटलानं निरोप पाठवला, "सोमवारचा मुहूर्त चुकायचा न्हाई. आजच आन."

सहादेव एकटाच मला घेऊन पलीकडे गेला. तिथल्या चौघांनी घंटा माझ्यात चढवून दिली. घंटा लोळू नये म्हणून त्यानं माझ्या नांगराची साखळी काढली, घंटेच्या कानातून ओवली आणि माझ्या फासळीला दोन वेढे देऊन आकडा आतल्या बाजूला अडकवला. त्यांच्या घरची बांधायची रीतच ती, आकडा आत. बाहेर आकडा ठेवला तर दोरखंड अडकतो. पावसाची झड अशी, की चार हातांवरचं दिसेना. मधल्या धारेत वाहत आलेलं एक झाड माझ्या कुशीत घुसलं आणि मी खाली गेले. त्याला पोहता येत होतं. पण शेवटपर्यंत त्याचा हात घंटेवर होता. मग धार त्याला घेऊन गेली. मला एवढंच ठाऊक आहे.

काठावरून कुणी काही पाहिलं नव्हतं. म्हणून काय बोलावं लोकांनी? तर म्हणे, सहादेव घंटा घेऊन पैठणाकडे पळाला! त्याची बायको पोटुशी होती. तिच्या घराला 'घंटीचोराचं घर' हे नाव पडलं आणि नारळाचा मान पाटलानं स्वतःच्या वाड्यात नेला.

मी इकडे तळाला. माझ्या बुडाखाली काळ्या दगडांच्या पायऱ्या होत्या, कधीच्या काळी बुडालेला घाट. हजार वर्षांचा शेजारी, पण एक शब्द बोलेल तर शपथ. पुढं पाणी हललं, की घंटेचा लोलक हलायचा. ठण्ण. वर काही ऐकू जायचं नाही. पण डोहात बुडी मारणाऱ्याला पाण्यातून स्पष्ट यायचं. तो धडपडत वर यायचा आणि सुसाट पळायचा. गावानं ठरवलं, खाली साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवी, राहतात, त्याच घंटी वाजवतात. दर वर्षी हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, खण माझ्या अंगावर येऊन पडू लागले. ज्या घंटेसाठी एका घराला चोर म्हणत होते, तिच्याच आवाजाला हात जोडत होते! आणि डोहात उतरायची सगळ्यांनाच बंदी.

अशी साठ वर्षं गेली. एकोणीसशे एकाहत्तरचा चैत्र आला. पाणी खाली गेलेलं, काचेसारखं हिरवं. कुणाच्या तरी जाळ्यात एक कोरीव दगड वर आला होता, म्हणून नगरहून राधाकृष्ण मास्तर आले. कॉलेजात इतिहास शिकवायचे. त्यांना तो बुडालेला घाट बघायचा होता. सोबत भिंगारचा गहिनीनाथ. लष्करात राहून पाण्याखाली काम करायला शिकलेला. पाठीवर हवेची दोन नळकांडी, तोंडात रबरी नळी, डोळ्यांवर काच आणि पायात बदकाच्या पंजासारखी रबरी पावलं.

त्या वेळचे पाटील आबासाहेब काठावर आडवे आले. "मास्तर, मानूस उतरवू नका. खाली आसरा हायेत. घंटी वाजवत्यात. मी सोता ऐकलीय."

दगडाबाई तिथंच धुणं आपटत होती. सहादेवची नातसून. पिळा हातात तसाच धरून ती उठली. "आबासाहेब, घंटी वाजवत्यात देवापुढं. आसरा सोताच देव. मंग त्या कुनापुढं वाजवत्यात वो?"

आबासाहेब तिच्यावर खेकसले. "तू घंटीचोराच्या घरची. तुला दुसरं काय सुचनार?"

"न्हाईच सुचत. साठ वरसं तुमी सुचू दिलं न्हाई." ती गहिनीनाथाकडे वळली. "दादा, माझा आजेसासरा पळाला न्हाई. त्याची होडी खाली हाय आन् घंटीबी. बघून ये. नसली तर मी माझं घर ह्या काठावरनं उचलीन. असली तर आमचा नारळ आमाला. काय आबासाहेब, हाय कबूल?"

काठावर सगळं गाव ऐकत होतं. आबासाहेबांना 'कबूल' म्हणावंच लागलं.

गहिनीनाथ खाली आला. बुडबुडे सोडत, हातात शाळेतल्यासारखी पाटी घेऊन. मला वाटलं, आला बाई माझा सोडवणारा! तर तो पायऱ्या मोजत बसला. दगडावरची फुलं चितारली, कमळं चितारली. जाता जाता माझ्या कुशीला रबरी लाथ मारली आणि वर जाऊन काय सांगतो? "मास्तर, घाट आहे! लांबलचक! घंटा काही दिसली नाही. एक जुनं झाड तेवढं पडलंय गाळात."

झाड! मला झाड म्हणाला! अंगावरचं शेवाळ ताठ झालं माझं.

"उचल घर," आबासाहेब म्हणाले.

दगडाबाई जागची हलली नाही. "दादा, त्या झाडाला खिळं हुतं का?"

"हात लावून नाही बघितलं, मावशी."

"मंग काय निस्तं पोहायला गेल्तास व्हय? नळकांड्यात वारा हाय का अजून? जा परत. झाडाला खिळं नसत्यात."

तो हसला आणि परत आला. ह्या वेळी सरळ माझ्याकडे. हातानं चाचपत गेला. एक खिळा, दुसरा खिळा, ओळीनं खिळे. मग दोन्ही हातांनी गाळ उपसायला लागला. पाणी गढूळ झालं, त्याला काही दिसेना. वळताना पाठीवरचं नळकांडं घंटेवर आदळलं.

ठण्ण!

असा खणखणीत आवाज मी साठ वर्षांत ऐकला नव्हता. आणि तो एकट्यानंच ऐकला असं नाही. काठावर दगडाबाई गळ्याएवढ्या पाण्यात उतरून, नाक धरून, डोकं पाण्याखाली घालून उभी होती. डोकं वर काढलं तेव्हा कुंकू कपाळभर पसरलेलं आणि ती खदाखदा हसत होती. "आबासाहेब! आसरा बोलली! तुमीबी घाला की डोस्कं पान्यात!"

आबासाहेबांनी धोतर खोचलं, उतरले, डोकं घातलं. गहिनीनाथानं आणखी एक टोला दिला. आबासाहेब ठसकत वर आले आणि धोतर पिळत काठावर बसले.

घंटा लगेच काढायची म्हणून गाव गोळा झालं, तर मास्तर आडवे. "आधी सगळं जागच्या जागी मोजायचं, चितारायचं. एकदा हललं, की त्याची गोष्ट मोडते."

दगडाबाई म्हणाली, "साठ वरसं थांबलो, तीन दिस थांबू. चौथ्या दिशी मी सोता उडी मारनार."

तीन दिवस गहिनीनाथानं माझी फळी न् फळी मोजली. इतक्या मायेनं मला सुतारानंसुद्धा हाताळलं नव्हतं. चौथ्या दिवशी कुणीतरी माळ्यावरून जुन्या मोटेचा जाडजूड दोर, नाडा, आणला, दोन बैल जुंपले आणि घंटा वर निघाली. साखळी गंजून फुगली होती, पण सुटली नव्हती. माझी फासळीच मोडून तिच्याबरोबर गेली. कळ आली, पण आनंदाची.

दगडाबाईनं साखळीवर हात फिरवला. आकड्यापाशी थांबली. "बघा. आकडा आत. आमच्या घरची बांधनी. पळवायची वस्तू कोन एवढी जिवापाड बांधतंय? ही देवाला पोचवायची हुती."

आबासाहेब खाली बघत म्हणाले, "मुहूर्त आमच्या आज्याचा, दगडाबाई. आन् आळ तुमच्या माथी."

"आता रडू नका. नारळ आना."

पौर्णिमेला घंटा देवळात चढली. माझी फासळी शेजारी भिंतीला लावून ठेवलीय. नारळ घेऊन दगडाबाई नदीवर आली, पण होडी कुठाय? गहिनीनाथाची रबरी होडी होती. फुगवलेली! खिळा नाही, फासळी नाही, वाऱ्यावर उभी. मी खालून बघतच राहिले. पण चालली, नाही म्हणत नाही.

माझ्या बरोबर वर येऊन ती थांबली. दगडाबाईनं नारळ गहिनीनाथाच्या हातात दिला. "ह्यो सोडायचा न्हाई. सोडला की वाहत जातोय. खाली ने आन् तिला दे. आमच्या म्हाताऱ्याची शेवटची सोबतीन ती."

त्यानं तो माझ्या बसायच्या फळीखाली खोचला. वर सगळं गाव ओरडलं, ते पाण्यातून घुमत माझ्यापर्यंत आलं.

मास्तर म्हणतात, मला वर काढायचं नाही, वाऱ्यानं तडकेन. नका काढू. मी इथं मजेत आहे. आता घंटा वरून वाजते आणि मी खालून ऐकते. नारळ वर जायला धडपडतो, ठकठक करतो, मी सोडत नाही. बोलायला सोबत झालीय. त्या घाटापेक्षा कितीतरी बरी.

तुम्हाला एवढंच सांगणं. कुणाच्या घराला चोर म्हणायचं असलं, तर आधी दगडाबाईसारखं गळ्याएवढ्या पाण्यात उतरा, नाक धरा आणि डोकं आत घाला. मी खालीच आहे. विचारा मला.