हिराकाकूंचा उतरलेला आकडा

आकारामतात्या कुरुंदवाडच्या आमच्या दूध संस्थेत तीस वर्षं फॅट काढतात. यंत्रावर आकडा उतरला की समोर सख्खा मेहुणा असला तरी विचारणार, "कुठल्या विहिरीचं पाणी हे, पावणं?" या तीस वर्षांत, गेल्या महिन्यापर्यंत, त्यांनी स्वतःची चूक दोनदा कबूल केली होती. दोन्ही वेळा मी किटली घेऊन रांगेत होतो, म्हणून हिशेब पक्का.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, हिराकाकूंच्या, गालावर जांभळट गाठ आली. दुखत नव्हती, पण दोन महिन्यांत बोराएवढीची लिंबाएवढी झाली. कोल्हापूरला निदान झालं: मर्केल पेशींचा कर्करोग. मुळाशी एक विषाणू. तो म्हणे बहुतेकांच्या कातडीवर मुकाट नांदतो, एखाद्यावरच उलटतो.

"एवढ्या गर्दीत त्याला मीच घावले व्हय!" काकू म्हणाल्या.

ऑपरेशन झालं, तरी रोग मानेतल्या गाठींत पोचलेला निघाला. मग दर तीन आठवड्यांनी प्रतिकारशक्ती जागवणारं औषध सलाईनमधून सुरू झालं. अधूनमधून त्या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडीचीही तपासणी. पहिला आकडा चोवीस हजार. तात्यांनी तो अख्ख्या रांगेला ऐकवला. "रक्तात कस हाय आमच्या हिच्या!"

गेल्या महिन्यात एका सकाळी तात्यांच्या मोबाईलवर नवा रिपोर्ट आला. चारशे.

त्या सकाळी तात्यांनी माझं दूध न तपासताच ओतून घेतलं. तिथंच मला शंका आली.

म्हशीचं फॅट उतरलं की सरकी पेंड वाढवायची, एवढाच इलाज तात्यांना ठाऊक. त्यांनी बायकोला डिंकाचे लाडू, खारका आणि पायाचा रस्सा चालू केला. रिपोर्टबद्दल चकार शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी काकू कडाडल्या, "अवो, मला काय गाभण म्हस समजलासा?" आणि मोबाईल हिसकावून घेतला. आकडा वाचून मात्र त्या खालीच बसल्या. "म्हंजे संपलं म्हणा की."

तासाभरात आम्ही कोल्हापुरात. गाडी माझी, म्हणून आत मीही.

डॉक्टर विद्याश्रींनी तात्यांचं ऐकून घेतलं आणि हसू आवरत विचारलं, "तात्या, चोर घरात असला तर कुत्री काय करतात?"

"भुंकत्यात की."

"आणि पळाला तर?"

तात्या मोबाईलवरचा आकडा पुन्हा बघू लागले.

"ही अँटिबॉडी म्हणजे ते भुंकणं. कॅन्सर होता तोवर चोवीस हजार. औषधानं प्रतिकारशक्तीच्या मरगळलेल्या पेशी उठवल्या, त्यांनी तो फस्त केला. आता भुंकायचं कुणावर? नुसत्या आकड्यावर मी भरवसा ठेवत नाही, पण सोमवारचा स्कॅनही स्वच्छ आहे. तपासण्या चालू ठेवू. मावशी, आज तुम्ही जिंकलात."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. नवऱ्याकडं वळल्या तेव्हा डोळे कोरडे होते. "तीन दिस मला जित्तेपणी मारलंसा. आता रांगेपुढं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतः किटली घेऊन रांगेत. गालावरची शिवण झाकलेली नाही.

"सांगा आकडा."

तात्यांनी घसा खाकरला. "हिचा... चोवीस हजारावरनं चारशेवर उतरलाय. म्हंजे ही बरी हाय." मग, अगदी हळू, "चुकलं माझं."

तिसऱ्यांदा! मी मोजलं. रांगेत शिट्ट्या झाल्या, कुणीतरी किटली बडवली. काकूंनी पिशवीतून डबा काढला: भीतीपोटी वळलेले तेच डिंकाचे लाडू. "वाटा सगळ्यास्नी, तुमच्या हातानं."

तात्यांनी वाटले. मला दोन मिळाले. गाडी माझी होती.

"आता माझं दूध तपासा," काकू म्हणाल्या. "हितं आकडा उतरला, तर पेंड तुमास्नी घालीन."