खंडेनवमीचे थर

पडद्यावरचं चक्र गरगर फिरत होतं आणि कडूबाईची फाईल काही केल्या उघडत नव्हती.

दीपमाला सिस्टर दुसऱ्यांदा रेकॉर्डच्या खोलीत उमाशंकरकडे आल्या. बेंबळीच्या त्या म्हातारीला तापात शुद्ध नाही, डॉक्टर खोळंबलेत, म्हणाल्या. मागे याच दवाखान्यात एका इंजेक्शनने तिच्या अंगावर गांधी उठून श्वास कोंडला होता. पण कोणत्या इंजेक्शनने, ते तिच्या मुलाला, बब्रुवानला, सांगता येत नव्हतं. तेव्हाचा कागद त्याने जपलाच नव्हता. कागद हरवला तरी चालेल, इथं मशीनमध्ये सगळं राहतं, असं दवाखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या उमाशंकरनेच त्याला छाती फुगवून सांगितलं होतं.

डॉक्टरांनी थांबवेल तेवढं थांबून पाहिलं आणि मग अंदाजाने इंजेक्शन दिलं. अंदाज चुकला. फाईल उघडली तेव्हा बाहेरून बब्रुवानचा हंबरडा ऐकू येत होता.

मशीन बरेच दिवस रखडत होतं. उमाशंकरने आधी वायरी बदलल्या होत्या, मेमरी वाढवली होती, व्हायरस शोधला होता. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! आता मात्र त्याने सोलापूरच्या कंपनीतल्या मोनिकाला फोन लावला. नोंदी ज्या संगणकात होत्या तो खरा डबा नव्हताच. खोलीच्या कोपऱ्यातल्या मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणारा तो आभासी संगणक होता, आणि धाप लागली होती ती त्याच्या डिस्कला. मोनिकाने तिकडूनच आत डोकावून पाहिलं.

"सर, एवढे जुने स्नॅपशॉट कुणी ठेवलेत?"

ठेवले होते उमाशंकरनेच. स्नॅपशॉट म्हणजे मशीन त्या घडीला जसं असेल तसं गोठवून ठेवणं. काही बिघडलंच तर तिथवर मागे जाता येतं. काम झालं की तो काढून टाकायचा असतो, नाहीतर पुढचं सगळं वेगळ्या थरात साठत जातं आणि साधी फाईल शोधायलाही मशीनला थरामागून थर उपसावे लागतात. उमाशंकर दर खंडेनवमीला सर्व्हरला हळदकुंकू लावायचा, झेंडूची माळ घालायचा आणि एक स्नॅपशॉट घ्यायचा. काढला मात्र एकही नव्हता. त्याचे वडील गुंडाप्पा दुकानातल्या तागडीची पूजा करत आणि बजावत, "हळद लागलेलं टाकू नगं, लेकरा." त्यांच्या माघारी त्याने त्यांचं एवढं एकच ऐकलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणून लोक हसतात. इथे त्या वळशात एका बाईचा जीव गेला होता.

मोनिकाने सांगितलं तसे थर एकात एक मिसळत त्याने सगळं साफ केलं. त्याला त्या दिवशी अन्न गेलं नाही.

तिसरा दिवस करून बब्रुवान दवाखान्याचे कागद न्यायला आला. नाव टाकलं आणि पापणी लवायच्या आत फाईल उघडली. सगळ्यात वर, तांबड्या अक्षरांत, त्या इंजेक्शनचं नाव होतं.

"आज लई बिगीनं निघालं, साहेब," बब्रुवान म्हणाला.

उमाशंकरला राहवलं नाही. "दादा, त्या दिवशी उघडलं न्हाय ते माझ्यामुळं. माझ्याच हातानं मशीन जड झालं हुतं."

बब्रुवानने कागदाची घडी केली आणि मान हलवली. "मशीनच ते. तुमचा काय दोष त्यात? आईचेच दिस भरले हुते."

दारात चपला घालताना त्याची नजर कोपऱ्यातल्या सर्व्हरवर गेली. वाळलेली माळ, हळदकुंकवाची बोटं. त्याने चपला पुन्हा काढल्या, आत आला, वाकून त्या डब्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.