काळ्या पट्ट्या

डोंगरावर खताचा कारखाना येतोय हे आमच्या गावाला कळलं, ते ट्रक वर जायला लागल्यावर. राजधानी सोलमधलं खरकटं इथे आणून कुजवणार होते. कारखान्याखालची पहिलीच बाग ओकबुन काकूंची. पर्सिमनची केशरी फळं सोलायची, ओसरीवर दोरीला टांगून वाळवायची आणि विकायची, यावर त्यांचं घर चालायचं.

"गावाची संमती आहे," असं तालुक्याची कचेरी म्हणाली. काकूंनी साठी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकून घेतला होता. त्यांनी कचेरीच्या वेबसाइटवर सरळ विचारलं, "संमती कोणी दिली? नावं सांगा."

उत्तर आलं. सभेचं इतिवृत्त होतं, पण सगळ्या नावांवर काळ्या पट्ट्या. खाली कारण दिलं होतं, खासगी माहितीचं संरक्षण. आणि वर काकूंचा प्रश्न मात्र पूर्ण नावानिशी, गावानिशी, जगाला वाचायला मोकळा.

सगळ्यांनी मिळून किमची, म्हणजे हिवाळ्यासाठी कोबीचं लोणचं, घालायच्या दिवशी त्या दरवर्षीसारख्या रबरी हातमोजे घेऊन गावप्रमुख मेंगच्या अंगणात गेल्या. मिठातला कोबी निथळत होता. बायका आणखी जवळजवळ सरकून बसल्या.

"यंदा माणसं पुरेशी आहेत, वहिनी," मेंगची बायको म्हणाली.

"दरवर्षी कमी पडतात ती?"

"दरवर्षी कुणी गावाविरुद्ध लिहीत नाही."

मेंग पायरीवरून म्हणाला, "गावाला कारखान्याकडून नवं सभागृह मिळतंय. म्हातारीकोतारी उबेत बसतील. तुझ्याच पोटात का दुखतंय?"

"म्हणजे सही तुझीच."

"पट्टीखालचं दिसतं का तुला? नाही ना? मग घरी जा."

दुसऱ्या दिवशी काकू बस पकडून कचेरीत गेल्या. खिडकीत ताक नावाचा कारकून होता.

"त्यांची नावं झाकलीत, मग माझं का नाही?"

"काकू, फॉर्मवर 'सार्वजनिक' अशी खूण आधीच केलेली असते. तुम्ही ती काढली नाहीत."

"आणि त्यांनी काढली?"

"त्यांनी फॉर्म भरलाच नाही ना."

"मग आता माझं नाव काढ, बाबा."

"एवढंच ना? काढतो."

त्याने शब्द पाळला. नाव गेलं, पण त्याबरोबर प्रश्न गेला, उत्तर गेलं, सबंध पानच गेलं. कारखान्याच्या माहितीत आता एक नवी ओळ होती, 'स्थानिकांच्या हरकती: नाहीत.'

काकूंनी फोन लावला. "परत टाक ते. नावासकट टाक."

"मुदत संपली, काकू. नवीन हरकत घेता येत नाही."

"नवीन कुठली? माझीच आहे ती!"

"आमच्याकडे नोंद दिसत नाही," ताक म्हणाला. स्वर अगदी अदबीचा होता.

पुढच्या शरदात कारखाना सुरू झाला. वारा कुजका वास घेऊन खाली वळला की माणसं जेवण ताटात टाकून उठायची. नव्या सभागृहातसुद्धा खिडक्या बंदच असायच्या, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काकूंचा नेहमीचा व्यापारी आला. त्याने वाळलेला एक पर्सिमन तोडून नाकाशी नेला.

"चव तीच आहे हो," काकू म्हणाल्या.

"असेल," तो म्हणाला आणि फळ ओसरीच्या कडेला ठेवून गाडीकडे वळला.